अंग आमसुली, काठ पिवळा

पाऊस ओसरला की नवरात्राच्या आधी एखाद्या कोरड्या दुपारी आमच्याकडे ओटीवरच्या तसबिरी उतरवतात. चार महिन्यांत त्यांच्या पाठीमागे बरंच काही घडून गेलेलं असतं. पालीची अंडी, कसरीने कुरतडलेला पुठ्ठा, गंजून काळे पडलेले बारीक खिळे, जांभ्याच्या भिंतीतली ओल पिऊन फुगलेली मागची फळी. जुन्या पद्धतीप्रमाणे या तसबिरी वरून पुढे झुकवून टांगलेल्या आहेत. त्यामुळे एरवी ही मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे वरून वाकून बघतात, काहीशा धाकानेच. फडकं घेऊन बसलं की मात्र नजरेला नजर भिडते आणि पुसायचं काम मागे पडतं.

त्यातल्या दोन तसबिरी शेजारीशेजारी असतात. एक आजीच्या थोरल्या जाऊबाईंची, रंगवलेली. हिरवं लुगडं, गुलाबी गाल, पिवळ्या बांगड्या, पाठीमागे निळसर पडदा. दुसरी आजीची, तशीच काळी-पांढरी. स्टुडिओ एकच असणार, कारण दोघींच्या बाजूला तीच नक्षीची तिवई आहे आणि तिच्यावर तीच कागदी फुलं. दोघींचेही यजमान मुंबईत नोकरीला, बिऱ्हाड गिरगावात. मग रंग एकीलाच का? याची घरात निरनिराळी कारणं सांगतात. थोरल्या काकांचा पगार जास्त होता, हे त्यातलं सर्वांत साधं आणि बहुधा खरं. फोटो काढायचे पैसे वेगळे, मोठा करून घ्यायचे वेगळे आणि रंगवायचे त्यावर आणखी.

आजीचा फोटो आपण रंगवावा, हे माझ्या डोक्यात आलं ते या शेजारामुळे. मूळ फोटोला हात लावायचा प्रश्नच नव्हता, कारण तो काचेला चिकटला आहे. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो मऊ पडतो आणि काचेला धरतो. कोकणात हे घरोघरी झालेलं आहे. अशा वेळी फोटो ओढून काढला तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. म्हणून काचेसकटच त्याची प्रत काढून घेतली. आजीच्या पदराच्या गडद भागात कडेने आरशासारखी रुपेरी झाक आली आहे, ती प्रतीतही उतरली. फोटोतली चांदी दमट हवेत हळूहळू वर येते, त्याची ती खूण.

शिकवणारे भेटले ते रत्नागिरीतलेच, ऐंशी ओलांडलेले एक फोटोग्राफर. उमेदीच्या वयात त्यांनी लग्नाचे, मुंजीचे आणि गेलेल्या माणसांचे ढीगभर फोटो रंगवले. आता त्यांच्या कपाटात वाळून गेलेल्या रंगांच्या ट्यूबा, कॅमलच्या फोटो कलरच्या रिकाम्या बाटल्या आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदाचं एक पाकीट आहे. पाकिटात कागदाऐवजी लायटीची बिलं ठेवलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला ब्रशला हात लावू दिला नाही. बांबूची बारीक काडी घ्यायची, टोकाला कापूस असा गुंडाळायचा की काडी टोचणार नाही आणि कापसाचे तंतूही सुटणार नाहीत. अर्धा तास तेवढंच. मग बशीत मोहरीएवढा रंग, त्यात टर्पेंटाइनचा थेंब, आणि कापसाने तो कागदावर गोल गोल फिरवायचा. फिरवला की दुसऱ्या कोरड्या कापसाने जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. “ताई, लावाल तेवढा पुसा,” ते म्हणाले. उरलेली झाक सोलकढीच्या गुलाबीइतकीच असते, आणि तेवढी पुरते.

तेवढी का पुरते, हे कागदावर हात बसल्यावर कळलं. उजेड आणि सावली फोटोत आधीपासून आहे. नाकाची बाजू, निरीची घडी, खुर्चीच्या हाताची गोलाई, ही सगळी कामं चांदीने करून ठेवली आहेत. चित्रकाराला जे हाताने उभं करावं लागतं ते इथे आयतं मिळतं. रंग पारदर्शक हवा आणि त्याने त्या सावल्यांच्या आड येऊ नये, एवढीच अट. नवशिक्याला हे अवघड जातं, कारण रंग हातात आला की तो दिसावा असं वाटतं. गाल नाटकातल्यासारखे होतात, पानं पोपटासारखी हिरवीगार. तेलरंगाचं एक बरं आहे, चुकलं तर टर्पेंटाइनने सगळं पुसून पुन्हा काळ्या-पांढऱ्यावर येता येतं. पाण्यातल्या रंगांना ही सवलत नाही. ते जिलेटिनमध्ये मुरतात आणि तिथेच राहतात. नवख्या माणसाने म्हणून आधी तेलरंग घ्यावेत. कागद चकचकीत नसावा. बोट फिरवून बघावं, सरकन घसरलं तर तो कागद नको. आणि चेहऱ्यापासून कधीच सुरुवात करू नये. आधी पडदा, तिवई, कागदी फुलं, म्हणजे ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा गोष्टी.

पूर्वी रंगवायच्या आधी फोटो सेपिया करून घेत, म्हणजे काळ्याचा तपकिरी. राखाडी गालावर गुलाबी रंग लावला तर माणूस आजारी दिसतो, तपकिरीवर लावला तर अंगात रक्त असल्यासारखा दिसतो. सेपियाच्या द्रावणात सोडियम सल्फाइड असे आणि त्याचा वास कुजक्या अंड्यांचा. आमचे गुरुजी हे काम परसात, विहिरीच्या पलीकडे करत. घरातून तशी सक्त ताकीद होती.

रंगाची ही घाई फोटोच्या जन्माइतकीच जुनी आहे. 1839 मध्ये डागेरोटाइप, म्हणजे रुपेरी पत्र्यावर उमटणारा फोटो, जगासमोर आला आणि लोक हरखले, पण लगेच तक्रारही सुरू झाली की यात रंग नाही. वर्ष-दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या योहान इझेनरिंगने त्या रुपेरी पत्र्यावर डिंकात मिसळलेली रंगाची पूड बसवायला सुरुवात केली. जपानात, योकोहामाला फेलिचे बेआटोच्या स्टुडिओत स्थानिक चित्रकार इतक्या नाजूक हाताने फोटो रंगवत की ते बघून यंत्राचा विसर पडावा. आपल्याकडे 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या देशी छायाचित्रकारांपैकी. राजस्थानातल्या दरबारी चित्रकारांनी तर फोटोची पर्वाच केली नाही. त्यांनी वर इतका दाट रंग चढवला की राजाचा चेहरा तेवढा फोटोचा आणि बाकी गालिचा, अंगरखा, मोत्यांच्या माळा, सगळं कुंचल्याचं. मला ते बघायला आवडतात, पण आपल्या ओटीवर लावावेसे वाटत नाहीत. गिरगावातल्या स्टुडिओने जाऊबाईंना जो पातळ हिरवा दिला, त्यात जास्त सभ्यता आहे.

तो हिरवा खरा होता का, हे कोण सांगणार? रंगवणारा फोटोच्या वेळी हजर असेलच असं नाही. त्याच्यापुढे येई तो राखाडी कागद आणि सोबत एक चिठ्ठी, नाहीतर कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी. गुरुजींनी असे काही कागद जपून ठेवले आहेत. ‘अंग मोरपंखी, काठ लाल, खण हिरवा.’ ‘टोपी काळी, कोट बदामी.’ एकावर लिहिलं आहे, ‘रंग गोरा करावा.’ गुरुजी हसले. “हे लिहिलेलं. न लिहिता तर सगळेच सांगायचे.” काचेच्या बांगड्यांवर पिवळा फिरवला की त्या सोन्याच्या होत. गळ्यात नसलेली मोहनमाळ काढून मागणारेही येत. नवऱ्याचा आणि बायकोचा एकत्र फोटो नाही म्हणून दोन फोटो कापून जोडायचे आणि वरून एकच पडदा रंगवायचा, हे तर नेहमीचं काम. यात फसवणूक होती असं मला म्हणवत नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सर्वांत जास्त त्रास द्यायचं ते कुंकू. जुन्या फोटोत कुंकू काळं दिसतं. लहानपणी मला वाटायचं की त्या काळी बायका काळं कुंकू लावत असतील. कारण प्लेटेत, म्हणजे फोटो टिपणाऱ्या काचेत होतं. सुरुवातीच्या प्लेटांना निळ्या-जांभळ्यापलीकडचं फारसं काही दिसतच नसे. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्यांना हिरवाही दिसेल अशी युक्ती शोधली. लाल मात्र दिसेना. लालसुद्धा टिपणाऱ्या प्लेटा 1906 पासून बाजारात आल्या, पण त्या मिट्ट काळोखात धुवाव्या लागत. आंधळी प्लेट लाल दिव्याखाली आरामात धुता येई, म्हणून स्टुडिओवाले बरीच वर्षं तिलाच धरून राहिले. ज्या लाल उजेडात तो फोटोग्राफर काम करत होता, त्याच लालाला त्याची प्लेट ओळखत नव्हती. आणि काळ्यावर पारदर्शक लाल कितीही लावा, तो काळाच राहतो. मग कुंकवापुरता नियम मोडायचा आणि अपारदर्शक रंगाचा एक ठिपका वर ठेवायचा. जाऊबाईंचा फोटो तिरपा धरून उजेडात बघितला तर कपाळावरचं कुंकू कागदापासून किंचित उचललेलं दिसतं. बोटाला लागतंही. सबंध फोटोत जाडी असलेली तेवढी एकच जागा.

लोकमान्यांच्या फोटोंत पगडी अशीच गडद, काळपट येते. तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो लाल म्हणेल. इथे टिळक आळीत, जिथे 1856 मध्ये त्यांचा जन्म झाला त्या घरात शाळेच्या सहली येतात. मुलं काळ्या-पांढऱ्या फोटोसमोर उभी राहतात आणि लाल पगडी बघून परत जातात. छापील तसबिरी, कॅलेंडरं, गणपतीतले देखावे यांनी तो रंग इतका पक्का केला आहे की आता फोटोची गरज उरली नाही. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचं नेमकं उलट. 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये भाट्याच्या खाडीकडे तोंड करून त्याचा राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं तो या गावात राहिला. त्याचे आणि राणी सुपयालतचे फोटो आपण बघतो ते राखाडी. त्या रेशमाचा रंग काय होता हे सांगणारं रत्नागिरीत आज कुणी नाही, आणि त्या काळी कुणी लिहून ठेवलं असेल तर ते माझ्या वाचनात आलेलं नाही.

लाल न दिसण्याचा आणखी एक परिणाम गुरुजींनी सांगितला, जरा थांबून. चंद्रकळा काळीच असते. फोटोत ती काळी आली तर काही बिघडत नाही, फक्त काठाला रंग द्यायचा. पण सोवळ्या विधवा नेसत ते अलवण तांबडं. तेही फोटोत काळंच. म्हणजे हौसेने चंद्रकळा नेसून बसलेली नवी सून आणि अलवणातली तिची आत्तेसासू, दोघी फोटोत सारख्याच काळ्या. एका घरातला असा एकत्र फोटो त्यांच्याकडे रंगवायला आला होता. चिठ्ठीत सगळ्यांचे रंग होते, आत्तेसासूबाईंचा नव्हता. यांनी निरोप पाठवून विचारलं. उत्तर आलं, त्यांचं आहे तसंच राहू द्या. सगळा फोटो रंगीत आणि मधोमध एक बाई काळी-पांढरी, असा तो परत गेला.

आजीच्या लुगड्याचा रंग विचारायला मी आत्याकडे गेले. काकूही तिथेच होती.

“आमसुली,” आत्या म्हणाली. फोटो हातातसुद्धा घेतला नाही.

“हिरवं होतं,” काकूने मध्येच सांगितलं. “माझ्या लग्नानंतर वहिनींनी मला दाखवलंय. त्याचीच पुढे दुपटी शिवली.”

“अगो, दुपट्यांचं लुगडं निराळं. ते पोपटी. हे मुंबईचं. काठ पिवळा, बारीक. पहिल्यांदा धुतलंन तेव्हा रंग गेला आणि दोणीतलं पाणी तांबडं झालं. मी त्यात हात घातला म्हणून मार खाल्लाय.”

काकू गप्प झाली, पण पटलं नसावं. चहा होईपर्यंत आणखी दोन लुगडी निघाली, एक विकलेली पाटली निघाली आणि बोटीच्या प्रवासात हरवलेली एक ट्रंक निघाली. आजीला फोटोच्या दिवशी ताप होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तिच्या चेहऱ्यावर करारीपणा वाचत होते.

फोटोही आत्याच्या बाजूने बोलतो. लुगडं जवळजवळ काळं आलं आहे. हिरवं असतं तर बहुधा इतकं गडद उतरलं नसतं, तांबूस असेल तर मात्र असंच उतरणार. अर्थात गडद हिरवाही काळा पडू शकतो, त्यामुळे काकूचा दावा अजून पुरता निकालात निघालेला नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. इतक्या गडद भागावर आमसुली लावा नाहीतर हिरवा, दिसणार तो जिथे उजेड पडला आहे तिथेच. गुडघ्यावरची एक घडी, खांद्यावरून उतरणारा पदराचा पट्टा आणि निऱ्यांच्या तीन-चार कडा. एवढ्या सुताएवढ्या जागांसाठी दोन घरांत वाद. म्हणूनच रंगवायची प्रत फिकी काढायची पद्धत होती. गुरुजींनी मला पहिली प्रत परत पाठवून दुसरी, बरीच उजळ, काढून आणायला लावली.

भाच्याने मधल्या काळात फोनवरच्या ॲपमध्ये आजीचा फोटो घातला. डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग आले. त्वचा छान, केस छान, लुगडं निळं. मी जाऊबाईंच्या फोटोचा रंग काढून तोही घालायला सांगितला. त्यांनाही निळं लुगडं. हजारो फोटोंवर शिकून ते यंत्र बरा वाटेल तो रंग काढतं, आणि कदाचित जुन्या रंगाऱ्यांनीही हाताशी असेल तो हिरवा कित्येकींना लावला असेल. खरेखोटेपणात मी दोघांना फार वेगळं काढणार नाही. पण रंगाऱ्याला निदान विचारावं लागे. चिठ्ठी आली नाही तर काम अडत असे. ॲपचं कुणावाचून अडत नाही, म्हणून भाच्याला ताप, दोण आणि ट्रंक यांतलं काही कळलं नाही. नंतर मीच सांगितलं.

या दिवसांत बाहेर बघायची सवयही बदलली. मांडवीची वाळू काळपट आणि पांढऱ्या समुद्राची नावाप्रमाणे पांढरी, हे रत्नागिरीकराला सांगायला नको. पण काळ्या वाळूवरून लाट मागे सरते तेव्हा तिच्यात जांभळी झाक असते आणि पांढरी वाळू संध्याकाळी अबोली होते, हे मी इतकी वर्षं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. भाद्रपदात कातळावर गवत पिवळं पडायला लागतं, त्याला कुठला पिवळा लावावा म्हणून मी रस्त्यात उभी राहते. रिक्षावाले हॉर्न वाजवतात. पडद्यासाठी निळा करताना त्यात चिमूटभर तांबडा घातला की तो जुना दिसतो, हेही कळलं. गुरुजी याला ‘रंग मारणे’ म्हणतात.

आजीचं लुगडं आता आमसुली आहे, काठ पिवळा. चेहरा अजून बाकी आहे. तापाने लाल झालेला गाल रंगवायचा की नेहमीचा, यावर आत्या म्हणते नेहमीचा. काकूला विचारलेलं नाही.

तुमच्या घरी अशी काळी-पांढरी तसबीर असेल तर ती रंगवा किंवा रंगवू नका, तो हौसेचा भाग आहे. रंगवायचीच असेल तर मूळ फोटो बाजूला ठेवून मॅट कागदावर फिकी प्रत काढा. फोटोचा खरा कागद आता सहज मिळत नाही, छापील मॅट कागदावर सुकं पेस्टल आणि रंगीत पेन्सिलीही चालतात. पण घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आजच फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि लुगडं कुठल्या रंगाचं, काठ कसला, कोट कुणी शिवला ते विचारा. सांगतील ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आणि दोघांनी दोन रंग सांगितले तर दोन्ही लिहा.